मागे उभा कोण? दुखापतींनी ग्रासलेल्या लाइनमनला सोडावे का, या वादाचा आढावा

अमेरिकन फुटबॉलमध्ये मार्च महिना हिशेबाचा असतो. हंगाम फेब्रुवारीत संपतो, मार्चच्या मध्याला एनएफएल या व्यावसायिक लीगचे नवे आर्थिक वर्ष सुरू होते आणि त्याच्या आसपास संघ आपल्या यादीतली महाग नावे कमी करतात. 11 मार्च 2021 रोजी कॅन्सस सिटी चीफ्सने एरिक फिशर आणि मिचेल श्वार्ट्झ या आपल्या दोन्ही टॅकलना, म्हणजे आक्रमक फळीच्या दोन टोकांवरच्या खेळाडूंना, एकाच दिवशी सोडले. एकाच्या टाचेची शीर तुटली होती, दुसऱ्याला पाठीने बसवले होते. बरोबर तीन वर्षांनी, 11 मार्च 2024 रोजी, ग्रीन बे पॅकर्सने डेव्हिड बाख्तियारीला निरोप दिला. गुडघा निकामी झाल्यानंतरच्या तीन हंगामांत मिळून तो 13 सामने खेळू शकला होता. त्याच महिन्यात डॅलस काउबॉइजनी टायरन स्मिथचा करार संपल्यावर त्याला जाऊ दिले. आणि 2025 च्या मार्चमध्ये बाल्टिमोर रेव्हन्सने रॉनी स्टॅनलीशी तीन वर्षांचा सहा कोटी डॉलरचा नवा करार केला. हा तोच स्टॅनली, ज्याच्या घोट्याने संघाला तीन वर्षे टांगणीला लावले होते.

प्रश्न एकच, उत्तरे इतकी वेगवेगळी. वारंवार जायबंदी होणाऱ्या लाइनमनला संघाने ठेवावे की सोडावे, यावर अमेरिकेत दर वर्षी वाद होतो आणि दर वर्षी तो बहुधा त्या खेळाडूच्या शरीराभोवतीच फिरतो: गुडघा टिकेल का, मान सावरेल का, वय किती झाले. गेल्या पंधरा वर्षांतली ठळक उदाहरणे शेजारीशेजारी ठेवून पाहिली, तर मला असे दिसते की निर्णय चुकला की बरोबर आला, हे त्या शरीरापेक्षा त्याच्या मागे कोण उभा होता यावर जास्त ठरले. हे मत मांडण्याआधी वादाची पार्श्वभूमी आणि त्यातल्या बाजू नीट पाहणे आवश्यक आहे.

आकड्यांत न दिसणारी जागा

आक्रमक फळीत पाच जण असतात: मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि दोन टोकांना टॅकल. ते चेंडू फेकत नाहीत, नियमानुसार सहसा झेलतही नाहीत. क्वार्टरबॅकला चेंडू फेकायला दोन-तीन सेकंद मिळवून द्यायचे आणि धावणाऱ्याला वाट करून द्यायची, हे त्यांचे काम. कबड्डीतली साखळी ज्याने पाहिली आहे त्याला हे चटकन समजेल. साखळीतला एक हात सैल पडला की चढाई करणारा नेमका तिथूनच निसटतो, आणि बाकीचे कितीही भक्कम असले तरी त्याचा उपयोग उरत नाही. लाइनमनची थोरवीही अशीच, काही घडले नाही यातूनच सिद्ध होते. म्हणून तिचे मोल ठरवणे कठीण, आणि मोल ठरवणे कठीण असल्यामुळेच त्याला सोडण्याचा प्रश्नही कठीण.

हे मोल सर्वांच्या नजरेत भरले ते एका भीषण प्रसंगामुळे. 18 नोव्हेंबर 1985 च्या रात्री न्यूयॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलरच्या धडकेत वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइसमन याचा पाय मोडला आणि त्याची कारकीर्द तिथेच संपली. मायकेल लुइस यांनी 2006 च्या ‘द ब्लाइंड साइड’ या पुस्तकाची सुरुवात याच प्रसंगाने केली आणि उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची न दिसणारी, म्हणजे डावी, बाजू सांभाळणारा लेफ्ट टॅकल इतका महाग का झाला, ते सामान्य वाचकाला समजावले. या प्रसंगातला एक तपशील आपल्या विषयाच्या थेट गाभ्याचा आहे. वॉशिंग्टनचा नेहमीचा लेफ्ट टॅकल जो जेकोबी त्या रात्री दुखापतीमुळे खेळत नव्हता.

1993 मध्ये खेळाडूंना करार संपल्यावर मोकळेपणाने संघ बदलण्याचा हक्क मिळाला आणि 1994 मध्ये संघाच्या एकूण पगारखर्चावर कमाल मर्यादा, म्हणजे सॅलरी कॅप, आली. तेव्हा ती प्रत्येक संघासाठी 3.46 कोटी डॉलर होती. 2025 मध्ये ती 27.92 कोटी झाली. या दोन बदलांनी प्रश्नाचे रूपच पालटले. कॅप नसती, तर दुखावलेल्या खेळाडूला ठेवण्याची किंमत मालकाच्या खिशापुरती राहिली असती. आता त्याला दिलेला प्रत्येक डॉलर दुसऱ्या कुणाला तरी देता येत नाही.

हिशेबाची गुंतागुंत

मोठा करार होतो तेव्हा सहीच्या वेळी खेळाडूला एकरकमी बोनस मिळतो. पैसे लगेच दिले जातात, पण कॅपच्या हिशेबात ती रक्कम जास्तीत जास्त पाच वर्षांत वाटून दाखवता येते. खेळाडूला मध्येच सोडले, तर न दाखवलेला उरलेला भाग एकदम अंगावर येतो. त्याला ‘डेड मनी’ म्हणतात: माणूस गेला तरी हिशेबात राहणारा पैसा. 1 जूननंतर सोडल्यास हा बोजा दोन वर्षांत विभागता येतो, एवढाच दिलासा.

बाख्तियारीचे प्रकरण या यंत्रणेचा धडाच आहे. 2013 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या फेरीनिहाय निवडीत, चौथ्या फेरीत निवडलेला हा खेळाडू लीगमधल्या सर्वोत्तम लेफ्ट टॅकलपैकी एक झाला. नोव्हेंबर 2020 मध्ये पॅकर्सने त्याच्याशी चार वर्षांचा, 9.2 कोटी डॉलरचा करार वाढवला. त्यातले तीन कोटी सहीचा बोनस म्हणून. त्याच वर्षी 31 डिसेंबरला, सरावात, त्याच्या गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटला. 2021 च्या हंगामात तो शेवटचा एक सामना खेळला, 2022 मध्ये अकरा, 2023 मध्ये पुन्हा फक्त पहिला. प्रत्येक वसंतात ‘आणखी एक वर्ष पाहू’ असा निर्णय झाला, आणि प्रत्येक वेळी त्यामागे डेड मनीचा धाक होता. अखेर 2024 मध्ये सोडले तेव्हाही सुमारे 1.9 कोटी डॉलर हिशेबात राहिलेच.

सोडण्याच्या बाजूने

सोडून द्या म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद साधा आहे आणि त्याला हलके समजू नये. प्रशिक्षकांच्या जगात उपलब्धता हाच सर्वांत मोठा गुण मानला जातो. फळीत हे अधिकच लागू पडते, कारण पाच जणांचे काम एकमेकांच्या अंदाजावर चालते. समोरचे दोघे ऐन वेळी जागा बदलून आत घुसले तर कुणी कुणाला सोडायचे आणि कुणाला उचलायचे, हे शेजाऱ्याबरोबर शेकडो वेळा केल्यावरच अंगवळणी पडते. निम्मा हंगाम आत-बाहेर करणारा टॅकल स्वतः कितीही उत्तम असला तरी शेजारच्या गार्डचा अंदाज बिघडवतो. शिवाय एकदा झालेली दुखापत ही पुढच्या दुखापतीची सर्वांत ठळक पूर्वसूचना असते, हे क्रीडावैद्यकात सर्वमान्य आहे. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एसीएलची शस्त्रक्रिया झालेल्या 49 एनएफएल खेळाडूंपैकी 31 जणच पुन्हा सामना खेळू शकले, तेही सरासरी जवळपास अकरा महिन्यांनी. म्हणजे दर तिघांपैकी एक परतलाच नाही.

टायरन स्मिथचे आकडे या बाजूचे लोक नेहमी पुढे करतात. 2011 मध्ये नवव्या क्रमांकावर निवडलेला हा धिप्पाड टॅकल पहिल्या पाच वर्षांत जवळपास प्रत्येक सामना खेळला. मग 2016 ते 2019 या चार हंगामांत दर वर्षी सोळापैकी तेरा. 2020 मध्ये मानेच्या त्रासामुळे दोन. 2021 मध्ये सतरापैकी अकरा. 2022 मध्ये मांडीच्या मागचा स्नायू हाडासकट सुटल्यामुळे चार. 2023 मध्ये तेरा. आठ वर्षांत 131 पैकी 82. पाठ, मान, गुडघा, मांडी अशी झीज अंगभर पसरत गेली, तेव्हा त्यात नशिबाचा भाग कमी आणि एका थकत चाललेल्या शरीराचा भाग जास्त, असे म्हणणे रास्त आहे.

ठेवण्याच्या बाजूने

दुसरी बाजू पहिला आक्षेप घेते तो ‘इंजुरी-प्रोन’ या शिक्क्यावरच. लीगमध्ये 32 संघ आहेत, म्हणजे फळीत सुरुवात करणारे 160 जण. धरून चालू की त्यातल्या प्रत्येकाला एखाद्या वर्षी मोठी दुखापत होण्याची शक्यता चारात एक आहे आणि ती निव्वळ योगायोगाने ठरते. तरीही लागोपाठ तीन वर्षे जायबंदी होणारे दोन-तीन जण निघणारच, आणि त्यांच्यावर शिक्का बसणारच, त्यांच्या शरीरात काहीही कमी नसताना. खऱ्या जगात सगळेच योगायोगाने घडत नाही. पण एवढ्या छोट्या संख्येवरून माणसाचा स्वभाव ठरवावा तसा शरीराचा स्वभाव ठरवणे धोक्याचे आहे.

जेसन पीटर्सची गोष्ट इथे आठवावी लागते. फिलाडेल्फिया ईगल्सच्या या लेफ्ट टॅकलची टाचेची शीर 2012 मध्ये काही महिन्यांच्या अंतराने दोनदा तुटली, अख्खा हंगाम गेला, वय तिशी ओलांडलेले. त्या वेळी त्याला सोडले असते तर कुणी नावे ठेवली नसती. 2013 मध्ये तो परतला आणि लीगच्या सर्वोत्तम संघात, पहिल्या ऑल-प्रो यादीत, निवडला गेला. स्टॅनलीचेही तसेच. 30 ऑक्टोबर 2020 रोजी त्याने पाच वर्षांच्या 9.875 कोटी डॉलरच्या करारावर सही केली आणि दोनच दिवसांनी पिट्सबर्गविरुद्ध त्याचा घोटा निकामी झाला. 2021 मध्ये एक सामना, 2022 मध्ये अकरा, 2023 मध्ये तेरा. 2024 मध्ये तो सर्व सतरा सामने खेळला.

याच्या उलट टोकाचे उदाहरणही बोलके आहे. क्लीव्हलँड ब्राउन्सचा जो थॉमस 2007 पासून एकही डाव न चुकवता सलग 10,363 डाव खेळला. ऑक्टोबर 2017 मध्ये त्याच्या दंडाचा स्नायू फाटला आणि तो पुन्हा मैदानात उतरलाच नाही. दुखापत न होणारा म्हणून ज्याच्यावर डोळे झाकून विसंबावे असा माणूस एका दुपारी संपला. उपलब्धतेचा भूतकाळ पुढच्या उपलब्धतेची हमी देत नाही, हे दोन्ही दिशांनी खरे आहे.

ठेवण्याच्या बाजूचा दुसरा मुद्दा दर्जाचा. 2023 मध्ये स्मिथ तेराच सामने खेळला, पण त्या जोरावर दुसऱ्या ऑल-प्रो यादीत आला. सतरा सामने सामान्य टॅकल आणि तेरा सामने स्मिथ अधिक चार सामने बदली, यात दुसरा पर्याय उजवा ठरू शकतो. अर्थात, ते चार सामने कोण खेळणार, यावर सगळे अवलंबून आहे.

मधली वाट आणि तिच्या मर्यादा

या दोन बाजूंमधून संघांनी व्यवहारात एक तोडगा काढला आहे: पैसे उपस्थितीशी बांधायचे. हमीचा पगार कमी, प्रत्येक सामन्याला यादीत असल्याचा वेगळा बोनस, ठरावीक डाव खेळल्यास आणखी रक्कम. 2024 मध्ये न्यूयॉर्क जेट्सनी स्मिथशी केलेला एका वर्षाचा करार असाच होता: 65 लाख डॉलरचा पाया आणि खेळला तर दोन कोटींपर्यंत वाढण्याची सोय. रेव्हन्सने त्याच वर्षी स्टॅनलीचा पगार कमी करून खेळावर आधारलेली रक्कम जोडली. स्टॅनली पूर्ण हंगाम खेळला. स्मिथ दहा सामन्यांनंतर मानेच्या दुखण्याने थांबला आणि 2025 मध्ये निवृत्त झाला. दोन्ही संघांचा व्यवहार आर्थिकदृष्ट्या शहाणपणाचाच होता.

पण करार कितीही हुशारीने लिहिला तरी तो फक्त पैसा वाचवतो, क्वार्टरबॅकला वाचवत नाही. खेळाडूच्या बाजूने पाहता त्यात एक कठोरपणाही आहे. त्याची मान आणि गुडघा ज्या संघासाठी झिजले, तोच संघ त्या झिजेचा धोका आता त्याच्याच पदरात टाकतो. खेळताना जायबंदी झालेल्या खेळाडूला त्या हंगामाचा पगार नाकारता येत नाही. संघाला एकतर त्याला राखीव यादीत ठेवून पैसे द्यावे लागतात किंवा तडजोडीची रक्कम ठरवावी लागते. पुढच्या वर्षाचे संरक्षण मात्र हमी मिळवू शकणाऱ्या बड्या नावांनाच खऱ्या अर्थाने लाभते. नाव नसलेल्या गार्डला सोडताना कुणी वादही घालत नाही, ही या चर्चेतली मला सर्वांत जास्त खुपणारी गोष्ट आहे.

मागचा माणूस

आता पुन्हा चीफ्सकडे वळू. त्यांची 2020-21 ची हकिगत या वादातला सर्वांत मोठा पुरावा आहे. श्वार्ट्झ ऑक्टोबर 2020 पासून बाहेर होता. 24 जानेवारी 2021 रोजी उपांत्य सामन्यात फिशर पडला. दोन आठवड्यांनी सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, जोडजुळणीची फळी घेऊन उतरलेल्या चीफ्सचा टँपा बेकडून 31-9 असा पराभव झाला. त्यांचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स याच्यावर त्या सामन्यात 29 वेळा दबाव आला, सुपर बोलच्या इतिहासात नोंदलेला सर्वाधिक. तिथे खेळाडू ठेवण्या-सोडण्याचा प्रश्नच नव्हता. मागे कुणी तयार नव्हते, एवढेच.

त्यानंतर संघाने दोघांना सोडले, पण रिकाम्या जागेवर आशा ठेवून नव्हे. ऑरलँडो ब्राउन याला अदलाबदलीत आणले, गार्ड जो थूनीशी करार केला, ड्राफ्टमध्ये सेंटर क्रीड हम्फ्री आणि सहाव्या फेरीत ट्रे स्मिथ घेतला. ट्रे स्मिथ इतका खाली घसरला होता तो फुप्फुसातल्या रक्ताच्या गाठींच्या जुन्या आजारामुळे. म्हणजे वैद्यकीय शिक्का बसलेलाच खेळाडू या नव्या फळीचा आधार झाला. फेब्रुवारी 2023 च्या सुपर बोलमध्ये, नियमित हंगामात 70 वेळा क्वार्टरबॅकला पाडणाऱ्या ईगल्सविरुद्ध, महोम्स एकदाही पाडला गेला नाही. चीफ्स 38-35 जिंकले.

ईगल्सनी 2017 मध्ये दुसऱ्या दिशेने हेच दाखवले होते. ऑक्टोबरमध्ये पीटर्सचा गुडघा गेला, त्याच्या जागी हालापुलीवाटी वाइताई आला आणि फेब्रुवारीत संघाने पॅट्रियट्सना 41-33 असे हरवून विजेतेपद मिळवले. पीटर्सला त्यांनी नंतरही ठेवले, आणि ते परवडले, कारण तो नसेल तेव्हा काय हे त्यांना ठाऊक होते. पॅकर्सचेही बारकाईने पाहिले तर तेच दिसते. 2022 च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीत झॅक टॉम आणि सातव्या फेरीत रशीद वॉकर मिळाल्यानंतरच बाख्तियारीला निरोप देणे सोपे झाले. जानेवारी 2024 मध्ये, वॉकरला डाव्या टोकाला घेऊन, त्यांनी डॅलसमध्ये जाऊन काउबॉइजना 48-32 असे हरवले. डॅलसच्या गणवेशात टायरन स्मिथचा तो अखेरचा हंगाम ठरला.

यातून माझा निष्कर्ष असा: सोडण्याचा निर्णय साखळीतला शेवटचा असायला हवा. आधी बदली शोधायची, तिला सामन्यांत उभी करायची, मग जुन्याच्या पगाराकडे आणि दुखण्याकडे पाहायचे. डेड मनी इथे युक्तिवाद होऊ शकत नाही. तो पैसा दिला गेला आहे; ठेवल्याने तो परत येत नाही.

यावर तीन आक्षेप वजनदार आहेत. पहिला, बदली तयार ठेवणे फुकट नसते. पहिल्या फेरीची निवड मागे उभ्या राहणाऱ्या टॅकलवर खर्च करायची म्हणजे दुसरीकडे खड्डा ठेवायचा. हे खरे आहे, पण डॅलसने 2022 मध्ये टायलर स्मिथला 24 व्या क्रमांकावर घेतले, त्याला बहुतेक हंगाम टायरनच्या जागी खेळवले आणि 2023 मध्ये टायरन परतल्यावर गार्ड म्हणून वापरले. जेट्सनीही टायरनशी करार केला त्याच वर्षी ओलू फशानूला अकराव्या क्रमांकावर निवडले, आणि टायरन थांबल्यावर तोच पुढे आला. बहुगुणी तरुण निवडला तर तो बाकावर बसून राहत नाही. दुसरा आक्षेप: बदली खरोखर चांगला आहे की नाही, हे तो खेळेपर्यंत कळत नाही. मान्य, आणि म्हणूनच वारंवार दुखावणारा खेळाडू, विचित्र वाटले तरी, संघाला त्याची परीक्षा घेण्याच्या संधी देतो. तिसरा आक्षेप सर्वांत कठीण: दोन्ही टॅकल एकदम पडले तर कोणती तयारी पुरणार? चीफ्सचे तेच झाले होते. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. 2020 मध्ये ईगल्सनी सोळा सामन्यांत फळीच्या चौदा वेगवेगळ्या जुळण्या उतरवल्या. तेवढी पडझड कुठलीही योजना पेलत नाही.

अजून न सुटलेले

दुखापतीच्या शक्यतेचा भरवशाचा अंदाज कुणालाही बांधता आलेला नाही. घोट्याचा अपघात आणि मानेची झीज यांत फरक आहे हे सगळे मानतात, पण गुडघ्याच्या कूर्चेसारख्या मधल्या प्रकरणांत, बाख्तियारीच्या बाबतीत दिसले तसे, उत्तम डॉक्टरही वाट पाहण्यापलीकडे फारसे सांगू शकत नाहीत. खेळाडूंचे वैद्यकीय अहवाल संघांकडे बंद असतात, त्यामुळे बाहेरचे अभ्यासक चुकलेले सामने मोजत राहतात, आणि तो आकडा अपघात व झीज यांना एकाच टोपलीत घालतो. लाइनमनचे नेमके मोल किती, त्याची बदली किती कमी पडते, यावरही मतैक्य नाही.

दरम्यान ओझे वाढत आहे. 2021 पासून हंगाम सोळावरून सतरा सामन्यांचा झाला आणि अठराव्या सामन्याची चर्चा लीगचे आयुक्त रॉजर गुडेल यांनी स्वतःच उघडपणे केली आहे. 2020 च्या सामूहिक करारात सामन्याच्या दिवशी उतरवता येणाऱ्या खेळाडूंची संख्या 46 वरून 48 झाली, पण एका अटीवर: त्यात किमान आठ जण आक्रमक फळीचे असले पाहिजेत. फळीत पाच खेळतात. उरलेले तीन कोण, त्यांना सरावात किती डाव मिळतात आणि त्यांच्या पगारासाठी कॅपमध्ये किती जागा राखली जाते, याच्या नोंदी एकत्र करून कुणी अजून नीट मांडलेल्या माझ्या पाहण्यात नाहीत. मार्च आला की चर्चा पुन्हा पहिल्या पाचांतल्या एखाद्या दुखऱ्या गुडघ्यावर सुरू होते.